वळताना येणारी 'टक टक' काय सांगते?

हेडफोन लावलेत ना? कारण आजचा एपिसोड एका आवाजाबद्दल आहे. टक... टक... टक... टक.

मागच्या वर्षी मी एक सेकंड हँड गाडी घेतली. सरळ रस्त्यावर एकदम मस्त. पण पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाकडून हा आवाज यायचा. मी काय केलं? गाण्याचा आवाज वाढवला! दोन महिन्यांनी एका चढावर वळताना 'खाड्' झालं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढे जाईना. उलट मागे घरंगळायला लागली. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, म्हणून वाचलो.

तुटलं काय होतं? ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. गॅरेजवाले या शाफ्टला सरळ 'एक्सल' म्हणतात.

आता नीट समजून घेऊ. गाडीत दोन वेगळ्या वाटा असतात. पहिली ताकदीची. इंजिनची ताकद क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल असं करत शाफ्टमधून चाकांपर्यंत जाते. दुसरी तुमच्या हातांची. स्टिअरिंगखालचा शाफ्ट फिरतो, त्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं आणि ती पट्टी टाय रॉडमधून चाकं वळवते.

जुन्या अँबॅसेडरमध्ये या वाटा एकमेकींना भेटतच नव्हत्या. ताकद लांब प्रोपेलर शाफ्टने मागच्या चाकांना, स्टिअरिंग पुढच्या चाकांना. मग १९८३मध्ये मारुती ८०० आली. हिची पुढचीच चाकं गाडी ओढणार आणि तीच वळणारही. म्हणजे शाफ्टने फिरत राहायचं आणि फिरता फिरता वाकायचंही!

साध्या 'क्रॉस'च्या जॉइंटला हे झेपत नाही. तो ३० अंशात वाकला, तर प्रत्येक फेरीत दोनदा साधारण १५ टक्के जास्त वेगाने पळतो आणि दोनदा साधारण १३ टक्के मागे पडतो. अशा जॉइंटने गाडी वळणावर गचके खाईल. यावर उपाय म्हणजे सीव्ही जॉइंट. १९२०च्या दशकात आल्फ्रेड रझेप्पा या इंजिनिअरने बनवलेल्या रचनेत सहा पोलादी गोळ्या खाचांमध्ये बसतात. जॉइंट कितीही वाकला, तरी गोळ्या बरोबर कोनाच्या मधोमध राहतात. त्यामुळे आत जितका वेग, बाहेर तितकाच.

आणि या सगळ्याचा पहारेकरी कोण? एक रबरी बूट! त्याच्या आत ग्रीस असतं. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी आत शिरतं, खाचा झिजतात. वळताना कोन सर्वात मोठा, म्हणून झिजलेल्या गोळ्या तेव्हाच टकटकतात. बूट वेळीच बदलला तर काम थोडक्यात भागतं, नाहीतर आख्खा एक्सल बदलायचा.

माझी गाडी मागे का घरंगळली? एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूलाच देऊन टाकतं. दुसरं चाक धड असूनही ओढत नाही. आणि त्याच कारणाने गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर थांबत नाही. तिथे ब्रेकच कामाला येतो.

तर आज एवढंच करा. मोकळ्या मैदानात काचा खाली, गाणी बंद. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, आणि हळू गोल फेरी. मग खाली वाकून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात का बघा. टकटक ऐकू आली, तर माझ्यासारखं गाणं मोठं करू नका. थेट गॅरेज गाठा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सांभाळून चालवा!