ड्युटी कुणाच्या मापाची?

मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मायबहिणींनो, पुढे या. या खुर्च्या काही पुरुषांच्या नावावर नाहीत.

संयोजकांनी विषय दिला आहे ‘स्त्रियांच्या महत्त्वाकांक्षा आणि नोकरीतले अडथळे’. यातल्या महत्त्वाकांक्षेवर बोलायला बाहेरून वक्ता आणायची गरज नव्हती. मराठवाड्यात कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे उभं राहा. पोलीस भरतीच्या पोरी अंधारात पळताना दिसतील. ८०० मीटरची वेळ मोबाइलवर लावलेली, चार किलोचा गोळा कुठे पडतो त्याची खूण मातीत केलेली. घरी एकच बोली झालेली असते : ‘एवढी भरती देऊ द्या, मग लग्नाचं बघा.’

म्हणजे इच्छा आहे, अंगात दम आहे आणि सरकारी नोकरीत ३० टक्के आरक्षणही आहे. घोडं अडतं ते दाराच्या आत गेल्यावर.

सुरेखा यादव यांचं बघा. साताऱ्याच्या शेतकरी घरातली मुलगी, कराडच्या तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेली. १९८०च्या दशकात रेल्वेच्या सहायक चालकपदाच्या परीक्षेला बसली, तेव्हा उमेदवारांत मुलगी ती एकटीच. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव झालं. २०११च्या महिलादिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, मार्च २०२३मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. हारतुरे झाले, फोटो छापून आले. पण ज्या इंजिनांत त्यांची पिढी वाढली, त्यांत शौचालय नव्हतं. पुरुषांचीही आबाळच होती, पण ते रुळांच्या कडेला उतरून वेळ भागवत. बाईने काय करायचं, हा प्रश्न इंजिनाचा आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यातच आला नाही. मला कौतुकाच्या भाषणांपेक्षा हा आराखडा जास्त बोलका वाटतो.

खाकीतही तेच. सण, सभा, मंत्र्यांचा दौरा. बंदोबस्ताचा पॉइंट रस्त्यावर लागला की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग मूत्रमार्गाचा त्रास सुरू होतो, आणि रजेचा अर्ज दिला की ‘बायकांना झेपत नाही’ हा शेरा तयार असतो. २०२२च्या जानेवारीत राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणली. चांगलं झालं. पण कारण काय दिलं जातं? घर आणि नोकरी दोन्ही सांभाळता यावं म्हणून. अहो, मग तिचा नवरा अंमलदार असेल तर त्याने बारा तास ड्युटी करून घरी फक्त जेवायलाच यायचं का? बारा तासांची ड्युटी मुळातच अशा माणसासाठी बेतलेली आहे, ज्याच्या घरी भाकरी थापायला कुणीतरी आहे. आठ तास दोघांनाही हवेत. हे बोललो की पुढच्या रांगेत चुळबुळ होते, ठाऊक आहे मला.

कायद्यांचीही गत पाहा. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. बाळंतिणीच्या दृष्टीने रास्तच. पण जिथे कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) नाही, तिथे त्या काळाचा पगार एकट्या मालकाच्या खिशातून. मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ हा प्रश्न थोडाफार तिथूनही येतो. त्याच दुरुस्तीत पाळणाघर सांगितलंय, पण पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या या बाळापुरात अशा जागा किती, तुम्हीच मोजा. इथली पोरगी कापडाच्या दुकानात, दवाखान्यात नाहीतर पतसंस्थेच्या काउंटरवर असते. तान्हं मूल आजीकडे. आजी हळद काढायला गेली की हिचा खाडा.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचं म्हणाल, तर २०१३च्या कायद्याने दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमावी लागते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. त्यासाठी हिंगोलीची एसटी पकडायलाच हवी असंही नाही. तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा असतो; त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. आपल्या तालुक्याला, कळमनुरीला, तो कोण आहे, हे या सोमवारी चारचौघींनी मिळून तहसीलमध्ये जाऊन विचारा. नाव सांगता आलं नाही, तर तसं लिहून मागा.