लेकरू जेवत नाही : बळजबरी नको, बेपर्वाईही नको



वर्षावासानिमित्त 'बालकांचा आहार' या विषयावर बोलण्याची संधी मला दिली, त्याबद्दल मी आभारी आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. जे चुकत शिकले, तेच सांगते.

माझा धाकटा मुलगा तीन वर्षांचा असताना वरणभात आणि बिस्कीट सोडून कशालाच तोंड लावत नसे. माझ्या सासूबाई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून भावंडांसाठी घरी आणत. त्यांना ताटात टाकलेले अन्न बघवत नसे. "आम्हाला मिळत नव्हतं, अन्‌ याला नको!" म्हणत त्या घास कोंबत. कामावरून दमून आलेली मीही तेच करी. एका रात्री त्याने मेथीची भाजी ओकली आणि मी त्याला मारले. पुढे ताट दिसले तरी तो रडू लागला. मागच्या पिढीच्या उपासमारीची शिक्षा आम्ही त्या लेकराला देत होतो.

बंधू-भगिनींनो, पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. शिवाय दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. एखादी भाजी आवडायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण दोनदा देऊन म्हणतो, "याला आवडत नाही."

तथागतांनी दोन टोके टाळून मध्यम मार्ग सांगितला. घास कोंबणे हे एक टोक, कंटाळून बिस्किटाचा पुडा हातात देणे हे दुसरे. काय वाढायचे आणि केव्हा, हे आईवडिलांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलाला ठरवू द्यावे. जेवणाच्या वेळा नेमून घ्याव्यात, मधल्या वेळेत फक्त पाणी द्यावे. दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको; त्याने भूक मरते आणि रक्तातील लोहही कमी पडू शकते. ओळखीच्या भातासोबत नवी भाजी चमचाभरच वाढावी. टीव्ही, मोबाईल बंद ठेवून सर्वांनी एकत्र जेवावे. चॉकलेटचे आमिष दाखवू नये. अर्ध्या तासाने न रागावता ताट उचलावे.

मात्र वजन वाढत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलटी होत असेल किंवा खाण्याचे पदार्थ कमी कमी होत चालले असतील, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. अंगणवाडीत वजन करून घेण्यास टाळाटाळ करू नये.

आमच्या घरी हे बसायला चार महिने लागले. सासूबाईंना गप्प बसणे फार जड गेले. त्या मुलाला शेजारी घेऊन मेथी निवडत, पण 'खा' म्हणत नसत. एके दिवशी त्यांच्या ताटाकडे पाहून तो म्हणाला, "आजी, मला दे." त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर थोडी भाजी घालून दिली आणि पदराने डोळे पुसले.

वांगे तो आजही खात नाही. पण ताट पाहून रडत नाही, हे मला पुरेसे आहे.

एवढे बोलून मी थांबते. जयभीम! नमो बुद्धाय!