पडद्यामागची वही

(राहनाळ येथे महिला मंडळांच्या नाट्यशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला उभी राहण्याआधी मी खाली वाकून या माईकची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवली. काहीजणी हसलात. पण मघाशी दोन पोरं त्या वायरीवरून उड्या मारत होती, आणि चहाचा ट्रे घेऊन येणारी ताई त्यात अडकता अडकता वाचली. माझं काम हेच आहे. मी नाटकात कधी काम केलं नाही. पंचवीसेक वर्षं मी पडद्याच्या मागे उभी आहे.

या कामाला धड मराठी नाव नाही. रंगमंच व्यवस्थापक म्हणतात, पण ते कागदावर. आपल्या मंडळांत त्याचं नाव असतं, "ती बघून घेईल." तांब्या कुठाय? ती बघून घेईल. टेम्पो आला का? ती बघून घेईल. घरातही असंच असतं ना? मीठ संपल्याचं ज्या बाईला आठवतं, तिच्या आठवण्याला कुणी काम म्हणत नाही. ते चुकलं की मात्र सगळ्यांना दिसतं.

मराठी रंगभूमीवर बाई उभी राहायलाच किती वर्षं गेली बघा. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ मध्ये नाटक केलं. त्यानंतर कितीतरी दशकं बायकांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करत होते. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, ही त्या वेळी मोठी गोष्ट होती. पुढे १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' स्त्री मुक्ती संघटनेच्या बायकांनी गावोगाव नेलं. भूमिका बायकांच्या, गाणी बायकांची. त्यामुळे रंगमंचावर बाई आता नवी नाही. पण दिवे, वायर, टेम्पो, हिशेब म्हटलं की आपण अजूनही एखादा दादा शोधतो. आज मला सांगायचंय की हे काम शिकता येतं, आणि ते वहीत लिहून ठेवलं तर वाटूनही घेता येतं.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या. उजव्या पानावर नाटकाची संहिता चिकटवा, डावं पान कोरं ठेवा. डाव्या पानावर, त्या त्या वाक्यासमोर, चार गोष्टी लिहायच्या: कोण कुठून आत येतं, दिवा कधी बदलतो, आवाज किंवा गाणं कधी सुरू होतं, हातात कोणती वस्तू हवी. लिहायचं पेन्सिलीने, कारण तालमीत सगळं बदलतं. शेवटच्या तालमीनंतर दुसरी प्रत काढा आणि ती दुसऱ्या बाईकडे ठेवा. तुम्हाला ताप आला, मुलाची परीक्षा आली, तरी प्रयोग व्हायला हवा. जिच्यावाचून प्रयोग अडतो अशी बाई होण्यात मोठेपणा वाटतो, मलाही वाटायचा. पण मग ती बाई कधी आजारीही पडू शकत नाही.

वस्तू

विंगेत एक टेबल मांडा. टेबल नसेल तर बाकडं चालेल. त्यावर पांढरा कागद चिकटवा, प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून पेनने तिची कड काढा आणि आत नाव लिहा. सूप, तांब्या, रेशनकार्ड, बाळाचं गाठोडं. प्रयोगाआधी एक नजर टाकली की कुठली जागा रिकामी आहे ते लगेच कळतं. वस्तू रंगमंचावरून परत आली की तिच्याच जागेवर ठेवायची आणि दुसरीची वस्तू उचलायची नाही, हे दोनच नियम. चष्मा, चिठ्ठी, काडेपेटी असल्या लहान वस्तूंची जास्तीची जोडी सोबत असू द्या. खरं मंगळसूत्र, खरे दागिने तर नाटकात मुळीच आणू नका. हरवलं तर नाटकाचं नाव घरात कायमचं बंद होईल.

वेळ

वेळेचा हिशेब शेवटाकडून मागे करायचा. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदी आहे. सवलत असते ती ठरावीक दिवसांपुरती, त्यावर भरवसा ठेवू नका. लाउडस्पीकरची परवानगी आधी लेखी घ्या आणि तिची प्रत वहीत लावा. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असेल तर तेही तिथेच.

नाटक तासाभराचं आणि प्रयोग साडेसातला, असं धरू. साडेचारला सामान पोहोचलं पाहिजे. साडेपाचपर्यंत दिवे आणि आवाज तपासून झाले पाहिजेत. सहाला सगळ्यांनी एकदा जागेवर चालून बघायचं, कारण प्रत्येक ठिकाणचा ओटा वेगळा, पायऱ्या वेगळ्या. मग खाणं, पाणी, लघवी. सातला सगळ्या तयार, आणि तुम्ही तोंडं मोजायची. "सगळ्या आल्यात ना?" असं विचारू नका, नावं घेऊन मोजा. सव्वासातला पहिली घंटा, सात पंचविसाला दुसरी, साडेसातला तिसरी. साडेआठला नाटक संपलं तर चर्चेला अर्धा तास मिळतो आणि पावणेदहाला टेम्पो निघतो.

आपल्या भागातून बाहेर जाताना यात एक तास जास्त धरा. कशेळी पुलाच्या अलीकडे कंटेनरांची रांग लागली की टेम्पोतल्या नट्यांना टेम्पोतच वेणीफणी करावी लागते. मी हे केलेलं आहे. गावात प्रयोग ठरवताना आधी विचारा, त्या रात्री कुणाकडे हळद तर नाही ना. हळदीच्या डीजेपुढे आपली ढोलकी टिकत नाही, आणि आपल्या निम्म्या प्रेक्षक बायका तिकडेच असतात.

वीज

विजेची भीती बाळगू नका, हिशेब ठेवा. घरातलं पाच अँपिअरचं लहान सॉकेट २३० व्होल्टवर साधारण ११५० वॅट भार घेतं. म्हणजे हजार वॅटचा एकच हॅलोजन. पंधरा अँपिअरचं मोठं सॉकेट ३४५० वॅटपर्यंत जातं, पण टोकापर्यंत जाऊ नका, दोन हॅलोजनवर थांबा. एलईडी दिव्यांनी हा भार पुष्कळ कमी झालाय, मिळत असतील तर तेच घ्या. दिवे आणि ध्वनी शक्यतो वेगवेगळ्या जोडणीवर ठेवा. तीन पिनांचं अर्थिंग असलेलंच सॉकेट वापरा. उघडी वायर काडीने सॉकेटात खोचायची सवय आपल्याकडे फार आहे. तसं कुणी करायला लागलं तर मी तिथे प्रयोग थांबवते. पावसाळ्यात वायरीचे जोड जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर किंवा खांबाला बांधा.

आणि वीज गेली तर काय, हे तालमीतच ठरवा. वीस वर्षांपूर्वी भारनियमनाच्या काळात आम्ही हे शिकलो. जी जिथे आहे ती तिथेच थांबेल. धावायचं नाही. ढोलकीवाली गाणं सुरू करेल. विंगेत दोन बॅटऱ्या तयार असतील, त्यांचे सेल त्याच दिवशी बघितलेले असतील. प्रेक्षकांना वाटतं हे नाटकातलंच आहे. कित्येकदा टाळ्या पडल्यात.

जागा

तारीख देण्याआधी तीन प्रश्न विचारा. कपडे बदलायला बंद होणारी खोली आहे का? संडास कुठे आहे, त्याला कडी आणि पाणी आहे का? आणि तिथपर्यंत दिवा आहे का? एका सभागृहात आम्हाला बायकांची रंगपटाची खोली म्हणून जी दाखवली तिथे खुर्च्यांचा ढीग होता आणि दाराला कडी नव्हती. आम्ही साड्या धरून आडोसा केला आणि प्रयोग केला. तेव्हा आपण जिद्दीच्या आहोत असं वाटलं होतं. आज वाटतं, खोली रिकामी होईपर्यंत प्रयोग सुरू करायला नको होता. तेव्हापासून पेटीत कडीऐवजी लावायला दोरी, दोन जुन्या चादरी, सेफ्टी पिना, सॅनिटरी पॅड आणि ओआरएसची पाकिटं ठेवते.

लहान मुलं असलेल्या बायका नाटकात हव्या असतील तर मुलं सांभाळणारी बाई यादीत हवी, तिचं नाव इतरांच्या बरोबरीने लिहिलेलं हवं. नाहीतर मुलं विंगेतून "आई" म्हणून हाक मारतात आणि नट्या संवाद विसरतात.

परतीचा प्रवास

आता जे सांगायचंय ते मला सोपं जात नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गटात एक मुलगी होती. इथल्याच एका गोदामात पॅकिंगचं काम करायची. आवाज खणखणीत. दुसऱ्या तालुक्यात आमचा प्रयोग होता. पाहुण्यांची भाषणं लांबली, प्रयोग उशिरा सुरू झाला. मी काहीच बोलले नाही, पाहुण्यांना थांबवायचं कसं? परतताना साडेबारा वाजले. टेम्पोवाला घाई करत होता. मी तिला अंजूरफाट्याला उतरवलं. म्हटलं, जवळच तर आहे. गोदामांच्या रस्त्याने, उभ्या कंटेनरांच्या मधून ती एकटी चालत घरी गेली. तिला कुणी काही केलं नाही. पण घरी दारात भाऊ उभा होता. त्यानंतर ती तालमीला आली नाही. मी दोनदा घरी गेले, तिच्या आईने पाणी दिलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही तिला दारापर्यंत सोडलं असतं तर माझ्याकडे बोलायला काही असतं."

त्या रात्री माझ्या वहीत सगळ्या वस्तू परत आल्याची खूण होती. सूप, तांब्या, गाठोडं. माणसं घरी पोहोचल्याची खूण करायला रकानाच नव्हता.

तेव्हापासून माझ्या वहीचं पहिलं पान परतीचं असतं. कुणाला कुठे सोडायचं, कोण शेवटची, तिच्यासोबत कोण. प्रत्येकीला घराच्या दारापर्यंत. शेवटच्या दोघी एकमेकींच्या शेजारच्या असतील अशी वाट आखायची. ती पोहोचली की फोन, आणि मग नावापुढे खूण. टेम्पोचं भाडं ठरवताना हे आधीच सांगायचं आणि आयोजकांच्या खर्चात धरायचं. भाषणं प्रयोगानंतर, हेही आधीच लिहून द्यायचं. पाहुणे रागावले तर रागावू देत.

याला कायद्याचाही आधार आहे. १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. मानधन न घेता स्वयंसेवी काम करणारी बाईही त्यात धरलेली आहे, आणि कामासाठी पुरवलेलं वाहनसुद्धा कामाचं ठिकाणच मानलेलं आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. तालमीच्या पहिल्याच दिवशी हे सगळ्यांना, गटातल्या पुरुषांनाही, सांगा. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

आता शेवटचं. हे काम एकीच्याच गळ्यात बांधू नका. दर तिसऱ्या प्रयोगाला वही दुसरीकडे द्या. नायिका झालेलीलाही एकदा विंगेत उभी करा, मग ती तांब्या कुठेही ठेवणार नाही. आणि नाटक संपल्यावर नावं सांगताना वही धरणारीचं, मुलं सांभाळणारीचं नाव घ्या, तिला पुढे बोलवा. तिचं प्रवासभाडं तिच्या हातात द्या.

मघाशी एका ताईंनी विचारलं, "आम्हाला यातलं सगळं जमेल का?" सगळं एकदम जमत नाही. या रविवारी तुमची तालीम आहे ना? मग वही आणा, आणि पहिल्या पानावर कोण कशी घरी जाणार ते लिहा. बाकीची पानं नंतर भरतील.

आता मी बसते. पण उठताना त्या वायरीकडे लक्ष असू द्या.