माईकशिवाय गाणारी बाई

आमच्या टिटवाळ्याकडच्या गटात गेल्या महिन्यात जरा वाद झाला. गटातल्या एका ताईंची लेक भजनात गाते. आवाज असा की पार रस्त्यापर्यंत ऐकू जातो. शाळेत तिला सांगितलं, "तू मागे उभी राहा, बाकीच्यांचा आवाज दबतो." पोरीने गाणंच सोडलं. ताई म्हणाल्या, बरं झालं, अभ्यास तरी करेल. आम्हाला काही ते पटलं नाही.

म्हणून आज पॅट्रिशिया रोझारियो यांच्याविषयी बोलतो. त्यांचा जन्म १९६० साली मुंबईत झाला. त्या ऑपेरा गातात. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच समजा. आपल्या 'सौभद्र'मध्ये बोलणं आणि पदं दोन्ही असतात, तिथे बहुतेक सगळं गाऊनच सांगायचं. आणि माईक नाही! समोर साठ-सत्तर वाजवणारे बसलेले असतात, त्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. शिवाय इटालियन, जर्मन, फ्रेंच अशा भाषांत गायचं.

हा आवाज ओरडून निघत नाही. ओरडलं तर घसाच बसतो. पोटातून श्वास घ्यायचा, तो रोखून धरायचा आणि थोडा थोडा सोडायचा. यात वर्षं जातात. आपल्या आज्या जात्यावर दळता दळता ओव्या म्हणायच्या, त्यांना दमसास कुणी शिकवला होता? पण अंगात दम असणं वेगळं आणि शिकून तो वर्षानुवर्षं टिकवणं वेगळं.

ते शिकायला पॅट्रिशियाबाई लंडनला गेल्या. गिल्डहॉल नावाच्या संगीतशाळेत त्यांना सुवर्णपदक मिळालं. पुढे युरोपातल्या मोठमोठ्या मंचांवर त्या गायल्या. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराने तर त्यांचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून तीसहून जास्त रचना केल्या. २००१ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'ओबीई' हा किताब दिला.

आम्हाला मात्र त्यांची पुढची गोष्ट जास्त आवडली. २००९ पासून त्या आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप भारतात येऊन इथल्या मुलामुलींना हे गाणं शिकवू लागले. आपल्याला लंडन गाठावं लागलं, निदान पहिले धडे तरी पोरांना घराजवळ मिळावेत.

मुंबईत चर्नी रोडला रॉयल ऑपेरा हाऊस आहे. १९११ साली त्याचं उद्घाटन झालं. बालगंधर्वही तिथे गायले. पुढे तिथे सिनेमे लागायचे, मग १९९३ पासून बरीच वर्षं कुलूप होतं. २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं, तेव्हा पॅट्रिशियाबाई तिथे गायल्या.

आमची पोर काही ऑपेरा गाणार नाही, कदाचित भजनच गाईल. पण मोठा आवाज हा दोष नसतो, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. कल्याण-डोंबिवलीत गाण्याचे क्लास भरपूर आहेत. फी गटातून उचलून द्यायची तयारी आम्ही दाखवली आहे, हप्ते सोयीने फेडावेत. पोरीला लोकलने नेण्या-आणण्याची पाळीही लावून ठेवली आहे.

ताई म्हणाल्या, घरी विचारून सांगते. पोर दाराआडून ऐकत होती.