दाम मोजण्याआधी दात मोजा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलणे झाले. आता आम्ही बोलणार आहोत लोखंडाच्या दातांवर. हसू नका. या दातांनी आमच्या गटाचा एक हंगाम खाल्ला आहे.

1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत आपला कापूस कोठे न्यायचा हे सरकार ठरवत असे. आज ती मक्तेदारी राहिलेली नाही. चार जिनिंगांत भाव विचारावा आणि पाचवीत गाडी रिकामी करावी, एवढी मोकळीक आपल्याला आहे. पण पाऊस आला, शेतरस्त्याचा चिखल झाला आणि कापूस बांधावरच अडकला, तर ती मोकळीक काय चाटायची? मग दारात येणारा खेडा खरेदीवाला सांगेल तोच भाव. ज्याच्या हातात गाडी, त्याच्या हातात बाजार.

म्हणून आमच्या गटाने वर्गणी काढून जुन्या जीपच्या धर्तीची एक वापरलेली फोर व्हील पिकअप घेतली. गाडी चांगली होती. फक्त भरल्या गाडीने चढावर दम लागायचा. तालुक्याच्या गावातल्या एका मिस्त्रीने उपाय सांगितला: "मागच्या डिफरन्सलची क्राऊन-पिनियन बदलून टाका. ओढ वाढेल. पुढचा एक्सल तुम्हाला फक्त चिखलात लागतो, त्यावर कशाला खर्च करता?" आम्ही मान डोलावली. शेतीची पदवी घेतलेले, खताच्या मात्रेचा हिशेब लोकांना शिकवणारे आम्ही. पण त्या दिवशी कागद-पेन्सिल खिशातून काढली नाही.

बदल काय झाला ते आधी समजून घ्या. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट मागच्या एक्सलपाशी एका लहान दातेरी चाकाला फिरवतो. ती पिनियन. ती मोठ्या चाकाला फिरवते. तो क्राऊन. आमच्या गाडीत क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10 होते. 41 भागिले 10, म्हणजे 4.10. शाफ्टचे 4.10 फेरे झाले की चाकाचा एक फेरा. नवी जोडी 39 आणि 8 दातांची होती. भागाकार 4.875. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला जवळजवळ पाच फेरे घ्यावे लागणार.

यात फायदा आहे, तो नाकारायचा नाही. ओढ शेकडा 19 ने वाढते. पण ही वाढ फुकट मिळत नाही. चाक एका फेऱ्यात 2.2 मीटर जाते असे धरा. इंजिनाचे मिनिटाला 2500 फेरे आणि थेट गियर असेल, तर जुन्या जोडीवर गाडी तासाला 80 किलोमीटर जात होती. नव्या जोडीवर 68 जाईल. तोच वेग हवा असेल तर इंजिन शेकडा 19 जास्त फिरवा. बैल हळू चालवला तर नांगर खोल लागतो, तसाच हा व्यवहार आहे.

उन्हाळ्यात हे काम झाले. सप्टेंबरपर्यंत सगळे ठीक. उलट डिझेल वाचते आहे असे वहीत दिसत होते! तीही फसगतच होती. किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरची तार आमच्या गाडीत ट्रान्सफर केसमधून निघते. ती शाफ्टचे फेरे मोजते, चाकाचे नाही. शाफ्ट जास्त फिरू लागला म्हणून गाडी 100 किलोमीटर चालली की मीटर 119 दाखवू लागले. काटा 60 वर असे तेव्हा गाडी 50 ने जात होती. खोट्या किलोमीटरला खरे डिझेल भागले की हिशेब गोडच दिसणार.

मग 2019 चा ऑक्टोबर आला. त्या महिनाअखेरीचा अवकाळी पाऊस इथे कोण विसरले आहे? झाडावरची बोंडे सडली, ज्वारीची कणसे काळी पडली. पहिल्या वेच्याचा अकरा क्विंटल कापूस गाडीत भरून आम्ही शेतातून निघालो. काळ्या जमिनीचा चिखल, म्हणून फोर व्हीलची लिव्हर टाकली. गाडी कण्हत कण्हत रस्त्याला लागली. डांबरावर आल्यावर लिव्हर काढायला गेलो तर ती निघेना. थोडे पुढे गेलो आणि खालून बार उडाल्यासारखा आवाज झाला. ट्रान्सफर केसचा गियर फुटला होता. कापूस दोन दिवस ताडपत्रीखाली रस्त्यावर राहिला. शेवटी ज्या व्यापाऱ्याला टाळायला गाडी घेतली होती, त्यालाच त्याच्या भावाने दिला.

असे का झाले? एका जुवाला दोन चालींचे बैल जुंपले म्हणून. अशा गाडीत फोर व्हीलची लिव्हर टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. पुढे जोडी 4.10 ची, मागे 4.875 ची. तेवढ्याच फेऱ्यांत पुढची चाके 100 मीटर जायला बघतात, मागची 84. गाडी तर एकच. मग दर 100 मीटरला 16 मीटरचा फरक कुठेतरी जिरला पाहिजे. चिखलात चाके घसरून तो जिरतो, म्हणून शेतात नुसते कण्हणे ऐकू आले. डांबरावर चाक सहजी घसरत नाही. ताण आतच साचतो, लिव्हर आवळली जाते आणि जो भाग कच्चा असेल तो तुटतो. टू व्हीलवर पुढचा शाफ्ट मोकळा असतो, म्हणून चार महिने काहीच कळले नाही. ज्या दिवसासाठी फोर व्हील घेतली, नेमका त्याच दिवशी दगा झाला.

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या. फोर व्हील गाडीत बदलायची तर पुढची आणि मागची, दोन्ही जोड्या एकाच प्रमाणाच्या बदला. नाहीतर हात लावू नका. अर्धा बदल हा बदलच नव्हे.

दुसरा नियम. जुनी गाडी घेताना, किंवा गॅरेजमधून परत आणताना, प्रमाण स्वतः मोजा. झाकण उघडायची गरज नाही. सपाट जागी गाडी उभी करा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गियर न्यूट्रल, लिव्हर टू व्हीलवर. हँडब्रेक शाफ्टवर काम करणारा असेल तर तो सोडा. मागचे एकच चाक जॅकवर उचला, दुसरे जमिनीवर राहू द्या. शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेले चाक हाताने 20 वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. 41 भरले तर प्रमाण 4.10, पावणेएकोणपन्नास भरले तर 4.875. एक चाक जमिनीवर अडलेले असते म्हणून 20 फेऱ्यांचे खरे 10 च धरायचे. पुढच्या एक्सललाही असेच करा. चाकांवर हब-लॉक असतील तर ते लावून मोजा. दोन्ही आकडे जुळले तरच पैसे द्या. गाडीखाली मात्र कोणी शिरू नका.

तिसरा नियम. क्राऊन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते. एका जोडीचा क्राऊन आणि दुसरीची पिनियन घेऊ नका. बसवताना शिम घालून पिनियनची खोली आणि दातांमधली चाल जुळवावी लागते. दातांना रंग लावून, फिरवून, रंगाची खूण दाताच्या मधोमध उमटते का ते मिस्त्रीकडून बघून घ्या. हे न करता "बसली, चालतेय" म्हणणाऱ्याचे काम थोड्या दिवसांत घूंऽऽ असा आवाज करू लागते. तेल हायपॉइड गियरचेच घाला. पहिले काही शंभर किलोमीटर गाडी हलक्या ओझ्याने चालवा आणि नंतर ते तेल बदला. आणि जुनी जोडी भंगारात देऊ नका. आम्ही दिली, आणि तीच दुसऱ्यांदा विकत घ्यावी लागली.

टायरचेही तेच गणित. मोठे टायर घातले की ओढ कमी होते, लहान घातले की वाढते. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे, असे तर फोर व्हीलला कधीच नको.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तोच मोठा. आम्हाला हा बदल हवा तरी होता का? शेतातल्या चिखलासाठी गाडीत लो ची लिव्हर आधीपासूनच होती. जीपच्या धर्तीच्या जुन्या गाडीत लो टाकले की ओढ सुमारे अडीचपट होते. अडीचपट ओढ हाताशी असताना आम्ही शेकडा 19 साठी वर्गणीचे पैसे घातले! चढावर एक गियर खाली घेतला असता तर काम भागले असते. लांबच्या पक्क्या रस्त्यावर रोज पूर्ण ओझे वाहणाऱ्याने किंवा मोठे टायर घातलेल्याने प्रमाण बदलण्याचा विचार जरूर करावा. आमची वाहतूक हंगामापुरती. म्हणून आम्ही मागे पुन्हा 41-10 बसवली. गाडी आजही गटाकडे आहे, आणि गेल्या पावसाळ्यातही ती चिखलातून निघाली.

त्या मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. त्याने सल्ला दिला, हिशेब करायचा होता आम्ही. उत्पादनखर्च दुसऱ्याने काढला की आपला भाव मरतो, हे आपण एकमेकांना किती वर्षे सांगत आलो आहोत! मग गाडीचा हिशेब दुसऱ्यावर का सोडायचा? गावी गेल्यावर गटाची गाडी असेल तिचे एक चाक उचला, खडूची खूण करा, फेरे मोजा आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.

एवढे सांगून आम्ही थांबतो.