घर बांधायचं, तर आधी वहीत

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताया त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मला आज ‘अर्थसाक्षरता’ या विषयावर बोला असं सांगितलंय. पण मागच्या दोन महिन्यांत मी ज्या ज्या गटाच्या बैठकीला बसले, तिथं कर्जमागणीच्या अर्जावर कारण एकच दिसलं: घरबांधकाम. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात एकदम २० लाख घरकुलांना मंजुरी मिळाली, तेव्हापासून गावोगाव पाये खोदलेत, रस्त्याच्या कडेला विटांचे ढीग पडलेत. म्हणून आज मी घराच्या हिशोबावरच बोलणार आहे. अर्थसाक्षरता त्यातच येऊन जाईल.

‘घर पाहावं बांधून’ असं म्हणतात. मी पाहिलंय. २०१७ साली मी अकरावीला होते तेव्हा आमचं घरकुल मंजूर झालं. १,२०,००० रुपये. घर कमीत कमी २६९ चौरस फुटांचं हवं, म्हणजे २५ चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. आमचे चुलते म्हणाले, “घर काय दरसाल बांधायचं असतं का? एकदाच होतं, मोठंच होऊ द्या.” बाबांना पटलं. आई चुलीपुढून म्हणाली, “पैसा पुरल का?” तिला कुणी उत्तर दिलं नाही.

पाया आखला ४५० चौरस फुटांचा. मिस्त्रीनं साहित्यासकट फुटाला ८०० रुपये सांगितले होते. आता मी जे गणित करते ते तेव्हा कुणी केलं नाही. २६९ फुटांचे होतात २,१५,२०० रुपये. ४५० फुटांचे ३,६०,०००. फरक १,४४,८०० रुपयांचा. म्हणजे नुसत्या वाढवलेल्या जागेचा खर्च अख्ख्या घरकुलाच्या पैशाहून जास्त! पाचवीतलं पोरगं करील असं गणित आहे. घरात सगळ्यात शिकलेली मी होते. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही वही घेऊन बसले नाही.

भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि काम थांबलं. तीन पावसाळे त्या भिंतींवर ताडपत्री होती. आईचं डोरलं गेलं. आईबाबा दोन हंगाम ऊसतोडीला गेले, ती उचल स्लॅबला लागली. बारावीनंतर माझं एक वर्ष रिकामं आहे. मुलाखतीत विचारतात, हे वर्ष का सुटलं? मी सांगते, त्या वर्षी घरी धाकट्या भावाला मी सांभाळलं, कारण घराला स्लॅब टाकायचा होता. आई अजून म्हणते, “पैसा कमी नव्हता गं, घर जास्त होतं.”

तर तायांनो, आधी पैसा किती ते लिहायचं आणि त्याला पुरेल एवढंच घर आखायचं. आपल्याकडं उलटं होतं. आधी फक्की टाकून पाया आखतात, मग पैसा शोधायला निघतात.

पैसा लिहिताना काय काय धरायचं? घरकुलाचे १,२०,०००. रोजगार हमीतून आपल्या भागात ९० दिवसांची अकुशल मजुरी मिळते, पण त्यासाठी जॉबकार्ड लागतं आणि हजेरीपत्रक निघावं लागतं, म्हणून ग्रामरोजगार सेवकाला काम सुरू व्हायच्या आधीच भेटा. शौचालयाचे १२,००० वेगळे. २०२५ मध्ये राज्य शासनानं आणखी ५०,००० वाढवले. त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या सौर यंत्रणेला. हे १५,००० विटांच्या हिशोबात धरू नका, ते तिकडचे तिकडेच जातील. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत आहे, पण ती आणायचं ट्रॅक्टरभाडं वहीत लिहा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीत किती येते ते टेप लावून मोजा. लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि शंभरानं भागा. ट्रॅक्टरवाला हसेल. हसू द्या.

आता महत्त्वाची गोष्ट. हा पैसा एकदम येत नाही. पहिला हप्ता १५,००० चा येतो, पुढचे हप्ते काम ठरलेल्या टप्प्यापर्यंत गेल्यावर, फोटो अपलोड झाल्यावर. रमाई, शबरी या योजनांतही पैसा असाच टप्प्याटप्प्यानं येतो. म्हणजे जोत्यापर्यंत घर आपल्याच पैशानं न्यावं लागतं. पंधरा हजारांत जोतं होत नाही. म्हणून वहीला चार पानं सोडा: एक जोत्याचं, एक लिंटेलचं, एक स्लॅबचं, एक आतल्या कामाचं. प्रत्येक पानावर वर लिहा की हा पैसा कोणत्या महिन्यात आणि कुठून येणार. सोयाबीन दिवाळीला विकतं, कापूस पुढं संक्रांतीपर्यंत. बँकेचा हप्ता कधी, शेळ्या कधी विकायच्या, सगळं लिहा. ज्या पानाचा पैसा दिसत नाही, ते काम सुरूच करू नका. जोत्यावर थांबलेलं घर फार बिघडत नाही. लिंटेलवर थांबलेल्या घराच्या उघड्या गजांना गंज चढतो, भिंतीत पाणी मुरतं. थांबायचीच वेळ आली, तर वर निघालेल्या गजांना सिमेंटचं पाणी तरी लावून ठेवा.

आता जमिनीकडं येते, कारण परभणी जिल्ह्यात निम्मा घोळ जमिनीचा आहे. आपली काळी जमीन कापसाला सोनं आहे, भिंतीला वैरी. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भिंत तिच्याबरोबर वरखाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. तुमच्या गावातल्या दहा घरांच्या भिंती बघा, मी काय म्हणते ते कळेल. म्हणून पाया काळ्या मातीत संपवायचा नसतो, खाली मुरूम लागेपर्यंत न्यायचा असतो. कुणाला तीन फुटांवर मुरूम लागतो, कुणाला आठ फुटांवर. या फरकानं अंदाज हजारोंनी बदलतो, आणि मिस्त्री सांगतो तो ‘फुटाला अमुक’ भाव यातलं काहीच बघत नाही.

त्यावर उपाय सोपा आहे. अंदाज काढायच्या आधी घराच्या जागेत एका कोपऱ्यात खड्डा घ्या. तेवढंही नको असेल तर शेजारणीला विचारा, शौचालयाचा शोषखड्डा खोदला तेव्हा मुरूम किती फुटावर लागला? हागणदारीमुक्तीच्या वेळी गावभर खड्डे खोदलेत, त्यांचा हा एक फायदा! मुरूम फारच खोल असेल तर मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका, पंचायत समितीत घरकुलाचे अभियंता असतात त्यांना जागा दाखवा. आणि एक लक्षात ठेवा. पाया खोदून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नका. फुकट आहे म्हणून सगळे भरतात. दोन पावसाळ्यांत ती फरशी उचलते. भर मुरमाचीच हवी, आणि तो खर्च जोत्याच्या पानावर हवा.

पैसे कमी पडले की पहिली कात्री कुठं लागते? मिस्त्री म्हणतो, “लिंटेल दारं-खिडक्यांपुरतंच टाकू, सगळीकडून कशाला?” इथं मात्र ऐकू नका. सलग पट्टा चारही भिंतींना बांधून ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला काय झालं ते इथल्या मावश्यांना आठवत असेल. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं मातीचं ओझं, आणि भिंतींना एकमेकींशी बांधणारं काही नाही. झोपेतच घरं अंगावर आली. तुम्ही म्हणाल, ते लातूरकडं. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीत धक्का बसला तेव्हा आपलीही भांडी हलली होती ना?

किल्लारीची दुसरी गोष्ट मला आमच्या एमएसडब्ल्यूच्या वर्गात समजली, आणि ती मी प्रत्येक गावात सांगते. भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं मोठं काम निघालं. त्यात गावातल्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग ही प्रेमा गोपालन यांची संस्था त्यांना शिकवत होती. तुमच्या-माझ्यासारख्या बायकांनी घराची मजबुती म्हणजे काय ते शिकून घेतलं, गावाला समजावलं, अभियंता आणि घरमालक यांच्या मधला दुवा झाल्या. तीस वर्षांपूर्वी, शेजारच्या जिल्ह्यात. म्हणून “बांधकामातलं बायकांना काय कळतं” हे वाक्य मला कुणी ऐकवलं की मी किल्लारी काढते.

कळायला फार लागतही नाही. लोखंडाचंच बघा. पूर्ण लांबीचा, म्हणजे १२ मीटरचा ८ एमएमचा गज पावणेपाच किलो भरतो, १० एमएमचा साधारण साडेसात, १२ एमएमचा पावणेअकरा. गाडीतून उतरताना गज मोजा, गुणाकार करा आणि बिलावरचं वजन बघा. २६९ चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब धरला तर साधारण २५ पोती सिमेंट लागतं, बीमचं वेगळं. कुणी ४५ पोती म्हणालं तर भांडू नका, नुसतं “कशी ते सांगा बरं” म्हणा. माझ्या बघण्यात एका मावशीनं रोज संध्याकाळी रिकामी पोती मोजून घडी घालून ठेवली. तिला लिहिता येत नाही. मिस्त्री तिला ‘इंजिनेर मावशी’ म्हणायला लागला.

आणि पाणी! कुणाच्याच अंदाजात पाणी नसतं. स्लॅबला निदान दहा-पंधरा दिवस पाणी ठेवावं लागतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये प्यायला मिळत नाही तिथं स्लॅबला कुठून आणणार? मग टँकर, किंवा दोन दिवस शिंपडून सोडून देणं. त्यापेक्षा दिवाळीनंतर पाया घ्या, विहिरीला पाणी आहे तोवर स्लॅब उरका.

काही खर्च सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. नारळ, मिस्त्रीचा टॉवेल-टोपी, रोजचा चहा, स्लॅबच्या दिवसाचं जेवण हे लिहाच, ते होणारच. वास्तुशांतीचं जेवण मात्र गटाच्या कर्जातून नको. माझ्या माहितीत एका घराला दरवाजा नाही, पोतं लावलंय, पण जेवण तीनशे माणसांचं झालं. लोक काय म्हणतील म्हणून. ते लोक जेवून गेले.

ओसरी सगळ्यांनाच हवी असते. मलाही हवी. उन्हाळ्यात बसायला, ज्वारी निवडायला, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला ओसरीच लागते. पण ती पुढच्या वर्षी पत्र्याची करता येते. आधी चार भिंती, छप्पर, दार आणि शौचालय. मागं-पुढं वाढवायला जागा सोडा, म्हणजे मन मोठं ठेवून घर छोटं बांधता येतं.

कर्जाचं सांगते. ५०,००० रुपये गटातून शेकडा एक रुपयानं घेतले तर वर्षाचं व्याज ६,००० होतं, हप्त्यानं मुद्दल उतरत गेलं की त्याहून कमी. बाहेरून शेकडा तीननं घेतले तर १८,०००. एवढं तर आपल्याला माहीतच आहे. घरकुलाच्या लाभार्थ्याला बँकेकडून ७०,००० पर्यंत कर्जाची सोय योजनेतच आहे, ती आधी विचारा. पण माझा मुद्दा निराळा आहे. शेळीसाठी कर्ज काढलं तर शेळी हप्ता भरते. घर हप्ता भरत नाही. म्हणून घराच्या कर्जाच्या अर्जावर मी पुढं विचारणार आहे, हप्ता कशातून भरणार? शिलाई, दूध, मजुरी, जे असेल ते लिहा. दोन-तीन फायनान्सचे आठवड्याचे हप्ते आधीच चालू असतील तर तेही लपवू नका. तुमचा अर्ज अडवायला विचारत नाही मी. लिंटेलवर थांबलेल्या घरात मी राहिलेय.

शेवटी नावाचं. घरकुल शक्यतो बाईच्या नावानं किंवा नवरा-बायको दोघांच्या नावानं मंजूर करायचं असा योजनेचाच नियम आहे. मंजुरीपत्रावर नाव असतं, पण पुढं ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर एकट्या नवऱ्याचं लागतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तो उतारा स्वतः काढून बघा. आमच्या घराच्या उताऱ्यावर आईचं नाव मी मागच्या वर्षी लावून घेतलं. डोरलं तिचं गेलं होतं.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीला ज्यांचं घर निघालंय त्यांनी शंभर पानी वही आणि मंजुरीपत्राची झेरॉक्स घेऊन या, टेप मी आणते. ज्यांचा खड्डा घेऊन झाला असेल त्यांनी मुरूम किती फुटावर लागला ते बघून या, म्हणजे त्याच दिवशी जोत्याचं पान भरून टाकू.