बागेश्रीची वाट



गगनबावड्याच्या कड्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा असतात. पश्चिमेला घसरलेला थेंब करूळच्या घाटाखाली कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेकडचा कुंभीत शिरतो, पंचगंगा होऊन कोल्हापुरावरून जातो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतो आणि अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. कोल्हापूरकराचा समुद्र घाटाखालचा; त्याच्या नदीचा समुद्र मात्र दुसराच.

हे दोन्ही समुद्र पोहून जोडणारी एक मादी फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली होती. ऑलिव्ह रिडले जातीचे समुद्री कासव. तिचे नाव ठेवले बागेश्री, आणि पाठीवर बसवले एक छोटे यंत्र, म्हणजे टॅग. त्या यंत्रामुळे कळले, की ती किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरली, श्रीलंकेला वळसा घालून गेली आणि बंगालच्या उपसागरात शिरली. तिच्यासोबत टॅग केलेली ‘गुहा’ नावाची मादी लक्षद्वीपच्या पाण्यात रमली.

कोकणातल्या कासवांच्या या कामाची सुरुवात यंत्रापासून झालेली नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायला घेतली. गावकरी पहाटे किनारा पालथा घालू लागले, वाळूतल्या पावलांवरून घरटी शोधू लागले, अंडी कुंपणात हलवू लागले. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पण या सगळ्यांना मादी दिसायची ती जेमतेम तासभर. खड्डा खणायची, शंभराच्या आसपास अंडी घालायची, वाळू लोटून पाण्यात जायची. शेवटच्या लाटेपलीकडचे तिचे आयुष्य कोणालाच ठाऊक नव्हते.

ती लाट ओलांडली गेली जानेवारी २०२२ मध्ये. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी डॉ. आर. सुरेश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली वेळासला पहिल्या मादीवर टॅग बसवला. ती प्रथमा. मग आंजर्ल्याची सावनी. पुढच्या महिन्यात गुहागरहून वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्रात गेली. लक्ष्मीचा संदेश काही आठवड्यांतच थांबला.

यंत्राची युक्ती साधी आणि सुंदर आहे. त्याच्यावर धातूची दोन टोके असतात. खाऱ्या पाण्यातून त्यांच्यामध्ये वीज वाहते, तोवर यंत्र गप्प बसते. कासव श्वास घ्यायला वर आले, टोके कोरडी पडली, की ते संदेश सोडते. सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह तो टिपतो. ठिकाण कसे कळते? मिरजेहून येणारी गाडी शिट्टी वाजवत समोरून निघून जाते, तेव्हा शिट्टीचा सूर उतरतो. उपग्रह कासवावरून जाताना संदेशाची कंप्रताही तशीच बदलते, आणि त्या बदलावरून जागेचे गणित मांडता येते.

जगात हेच तंत्र बरेच पुढे गेले आहे. अंटार्क्टिकाभोवती हत्ती सीलच्या डोक्यावर चिकटवलेली यंत्रे तापमान आणि क्षारता मोजतात, तेही जहाजे पोहोचू शकत नाहीत अशा बर्फाखालच्या पाण्यात. तिथल्याच केप डार्नलीजवळ थंड, जड पाणी तयार होऊन समुद्रतळाकडे उतरते, हे २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, त्यात या सीलांनी आणलेल्या मोजमापांचा मोठा वाटा होता. प्राणी इथे नुसता अभ्यासाचा विषय उरत नाही. तो मोजणी करणारा सोबती होतो.

कोकणात अजून तिथवर जायचे आहे. २०२२ आणि २०२३ मिळून टॅग झालेल्या सातही माद्याच. नर किनाऱ्यावर येतच नाहीत, म्हणून त्यांचा ठावठिकाणा या टॅगांतून कळलेला नाही. शिवाय संदेश थांबला, तर बॅटरी संपली, अँटेना मोडला, यंत्र गळून पडले की कासव जाळ्यात सापडले, हे किनाऱ्यावर बसून सांगता येत नाही. ते मच्छीमार सांगू शकतो. त्याच्याशी बोलायला मराठी लागते. टॅग दिसला तर काय करावे, हे हर्णैच्या आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर त्याच्या बोलीत पोहोचवणे, हे मराठी विज्ञानलेखकांचे काम आहे.

साधा टॅगही किती बोलतो, याचा पुरावा गुहागरलाच मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथे अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी होती. ना बॅटरी, ना उपग्रह. फक्त क्रमांक, ०३२३३. तो आकडा मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ठोकलेला होता. बागेश्री गेली त्या समुद्रातून ही उलट्या वाटेने आली होती, आणि रात्रीच्या किनाऱ्यावर कोणीतरी वाकून तो आकडा वाचला होता.